विश्लेषण : राईस मिलमध्ये यंत्र आले, मजुरांच्या कौशल्याचे काय? आमगावच्या धानपट्ट्यात स्वयंचलनाचा अर्थ काय?

मुंबई-हावडा लोहमार्गावरचे आमगाव हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. धानाची शेती आणि राईस मिल हा या पट्ट्याचा मुख्य आधार. गेल्या काही दशकांत या व्यवसायात बांधीपासून गोदामापर्यंत यंत्रे आली. रोवणी, कापणी, वाळवण, निवडण, भरणी अशा टप्प्याटप्प्यांवर माणसांची गरज घटत गेली. त्याच वेळी यंत्र चालवणारा आणि दुरुस्त करणारा कुशल माणूस मिळत नाही, ही उद्योगांची तक्रार देशभर आहे. एका बाजूला रिकामे हात आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या जागा, असे का होते? कौशल्य विकासाच्या सरकारी योजना ही दरी भरून काढतात का? याचा हा आढावा.

राईस मिलमध्ये नेमके काय बदलले?

धानाचा तांदूळ होईपर्यंत अनेक कामे करावी लागतात. आधी काडीकचरा आणि खडे वेगळे करायचे. मग टरफल काढायचे. आतल्या दाण्यावरचा तपकिरी थर घासून काढायचा, म्हणजेच पॉलिश करायचे. त्यानंतर कणी वेगळी करायची, काळे-पिवळे दाणे निवडायचे, वजन करून पोती भरायची. उकडा तांदूळ असेल तर त्याआधी धान भिजवणे, वाफवणे आणि वाळवणे ही आणखी तीन कामे असतात.

जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये यातली बरीचशी कामे हातांनी होत. वाफवलेले धान सिमेंटच्या अंगणावर पसरून, पायांनी उलटेपालटे करून वाळवले जाई. सुपाने पाखडणे आणि डाग लागलेले दाणे निवडणे हे तर मुख्यतः महिलांचेच काम. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात माल नेण्यासाठी डोक्यावर टोपल्या वाहिल्या जात. आधुनिक मिलमध्ये अंगणाची जागा ड्रायरने घेतली, टोपलीची जागा माल वर उचलणाऱ्या एलिव्हेटरने घेतली आणि निवडणाऱ्या डोळ्यांची जागा ‘सॉर्टेक्स’ने घेतली. वजन आणि भरणीही स्वयंचलित झाली. पोती उचलून ट्रकमध्ये थप्पी लावण्याची हमाली तेवढी बहुतेक ठिकाणी माणसाकडे राहिली आहे.

सॉर्टेक्स यंत्र काय करते?

तांदळाचे दाणे रंगानुसार वेगळे करणारे हे यंत्र. लंडनमध्ये १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘गन्सन्स सॉर्टेक्स’ या कंपनीचे नाव पुढे अशा सर्वच यंत्रांना चिकटले. आज वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे बाजारात आहेत, पण मिलमध्ये सगळ्यांना सॉर्टेक्सच म्हणतात. बाजारातल्या पिशव्यांवरही ‘सॉर्टेक्स तांदूळ’ असे छापलेले असते.

यंत्राच्या वरच्या भागातून दाणे तिरक्या पन्हळीवरून एकेका ओळीत खाली घसरतात. खाली पडताना त्यांच्यावर प्रखर प्रकाश टाकला जातो आणि कॅमेरे प्रत्येक दाणा टिपतात. दाणा काळा, पिवळा, लाल किंवा खडूसारखा पांढरा असेल तर क्षणार्धात संदेश जातो. नळीतून दाबाखालील हवेचा झोत सुटतो आणि तेवढा दाणा बाजूला उडवला जातो. बाकीचे दाणे सरळ खाली येतात.

यंत्र दाणे स्वतः निवडत असले तरी ‘वाईट दाणा म्हणजे कोणता’ हे त्याला माणसालाच सांगावे लागते. जाडसर धानाचा लॉट असेल तर मांडणी वेगळी, बारीक तांदळाचा असेल तर वेगळी. संवेदनशीलता जास्त ठेवली तर चांगला तांदूळही बाहेर फेकला जातो आणि मालकाचे नुकसान होते. कमी ठेवली तर डागी दाणे राहतात आणि माल नाकारला जाण्याची भीती असते. शिवाय कॉम्प्रेसरची हवा कोरडी आहे की नाही, काचेवर धूळ बसली का, झोताची नळी तुंबली का, हे सतत पाहावे लागते. म्हणजे इथे विजेचे, हवेच्या दाबाचे आणि पडद्यावरच्या सूचनांचे ज्ञान लागते. त्याबरोबरच तांदळाची जाणही लागते. यातली शेवटची जाण ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे होती, त्या निवडणाऱ्या महिलाच यंत्र आल्यावर मिलबाहेर गेल्या. या साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

हा प्रश्न नवा आहे का?

नाही. तांदळाच्या बाबतीत तो किमान ९० वर्षे जुना आहे. पूर्व विदर्भात एकेकाळी घरोघरी ढेकीवर किंवा उखळ-मुसळाने धान सडले जाई. ते काम महिलांचे होते आणि अनेकींचे ते कमाईचे साधनही होते. यंत्रावर चालणाऱ्या गिरण्या आल्या तसे हे काम आटू लागले. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख संघटक होते. वर्ध्याच्या मगनवाडीतून या संघाने हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. त्यामागे दोन कारणे होती. गिरणीच्या पॉलिशमुळे तांदळातील पोषक थर निघून जातो, हे एक. गावातला रोजगार जातो, हे दुसरे.

या विचाराची छाया स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यावरही पडली. १९५८ च्या तांदूळ गिरणी उद्योग (नियमन) कायद्यानुसार नव्या मिलला परवाना देण्यापूर्वी काही बाबी तपासाव्या लागत. परिसरात आधीच किती मिल आहेत, धान पुरेसे आहे का, वीज-पाणी आहे का, याबरोबरच ‘या मिलमुळे परिसरात मोठ्या प्रमाणावर बेरोजगारी निर्माण होईल का’ हा प्रश्नही त्यात होता. यंत्र बसवण्यापूर्वी रोजगाराचा हिशेब मागणारा हा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. उदारीकरणाच्या काळात परवाना पद्धत जाणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तो कायदा असतानाही ढेकी टिकली नव्हतीच. जुने काम जपण्याची तरतूद कायद्यात होती, पण ज्यांचे काम जाईल त्यांना नवे काम शिकवण्याची सोय तेव्हाही नव्हती आणि कायदा गेल्यानंतरही ती उभी राहिली नाही.

मिलमालक यंत्राकडे का वळले?

निव्वळ मजुरी वाचवणे हे एकच कारण नाही. गोंदिया जिल्ह्यातील मिलचे मोठे काम म्हणजे सरकारी धानाची भरडाई. आधारभूत किमतीने मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ धान खरेदी करते. ते धान मिलला भरडाईसाठी दिले जाते. एक क्विंटल धानामागे अरवा म्हणजे कच्चा तांदूळ असेल तर ६७ किलो आणि उकडा असेल तर ६८ किलो तांदूळ सरकारला परत द्यावा लागतो. केंद्राचा भरडाईचा मूळ दर वर्षानुवर्षे अरव्यासाठी क्विंटलमागे १० रुपये आणि उकड्यासाठी २० रुपये असा राहिला. राज्य सरकार त्यावर वेगळे साहाय्य देते. कोंडा, कणी अशी उपउत्पादने मिलकडे राहतात.

या हिशेबात दाणा तुटणे म्हणजे थेट तोटा. दिलेला तांदूळही ठरलेल्या प्रतीत बसावा लागतो. त्यात तुकडा किती, डागी दाणे किती, ओलावा किती याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. हाताने निवडून हजारो क्विंटल माल वेळेत आणि एकसारख्या प्रतीचा देणे अवघड असते. त्यामुळे मिलमालकाच्या दृष्टीने सॉर्टेक्स ही चैन राहिली नाही.

धोरण बदलले की यंत्रही बदलते. रेशनवरील तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व असलेले पोषणयुक्त दाणे मिसळण्याची घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ रोजी केली. साधारण १०० किलो तांदळात १ किलो पोषणयुक्त दाणे, असे हे प्रमाण. हे मिश्रण एकसारखे व्हावे म्हणून भरडाई करणाऱ्या मिलना ब्लेंडर बसवावे लागले. एका सरकारी निर्णयाने मिलमध्ये एक नवे यंत्र आले आणि ते चालवण्याचे एक नवे कामही आले. ते कोण शिकवणार, हे मात्र मिलवरच सोडले गेले.

जागतिक बाजाराचा आमगावशी काय संबंध?

भारत हा जगातील सर्वात मोठा तांदूळ निर्यातदार आहे. जागतिक तांदूळ व्यापारात त्याचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. त्यामुळे दिल्लीत निघालेल्या एका अधिसूचनेचा परिणाम आफ्रिकेतल्या बंदरावर होतो तसा धानपट्ट्यातल्या मिलवरही होतो. ८ सप्टेंबर २०२२ रोजी तुकडा तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. २० जुलै २०२३ रोजी बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली. २५ ऑगस्ट २०२३ रोजी उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क लागले. पुढे सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पांढऱ्या आणि उकड्या तांदळावरचे निर्बंध उठवण्यात आले, तर तुकडा तांदळाची निर्यात मार्च २०२५ मध्ये खुली झाली.

अडीच वर्षांत नियम इतक्या वेळा बदलले. अशा वेळी मागणीप्रमाणे उकड्यावरून अरव्यावर, जाड्यावरून बारीकवर, सरकारी भरडाईवरून खासगी बाजारावर लवकर वळू शकणारी मिल टिकते. त्यासाठी यंत्र लागते. पण त्याहून जास्त, यंत्राची मांडणी बदलू शकणारा माणूस लागतो. निर्यातीच्या मालाला तर खरेदीदार देशाचे निकष, कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी, पिशवीवरचे लेबल, कागदपत्रे असे आणखी काम असते. प्रयोगशाळेत नमुना तपासणारा, संगणकावर नोंदी ठेवणारा आणि निर्यातीची कागदपत्रे समजणारा असे तीन वेगवेगळे रोजगार त्यातून तयार होतात. आमगावात भवभूतीच्या नावाने महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी हे काम घराजवळचे आहे. पण पदवीच्या अभ्यासक्रमातून त्याची वाट दिसत नाही.

शेतातल्या कामाचे काय झाले?

मिलमधली निवड आणि शेतातली रोवणी ही दोन्ही महिलांची कामे. धानाचे पऱ्हे उपटून चिखलात ओळीने लावणे हे कष्टाचे, पण पावसाळ्यात हमखास मजुरी देणारे काम. कापणी आणि मळणीही तशीच. आता कापणीच्या वेळी कम्बाइन हार्वेस्टर शेतात उतरते. कापणी आणि मळणी एकाच वेळी होते. काही दिवसांचे काम काही तासांत संपते. पाऊस तोंडावर असताना शेतकऱ्याला ते सोयीचेच वाटते. रोवणी यंत्राचा प्रसार त्यामानाने कमी आहे, पण मजूर मिळत नाहीत तिथे त्याचाही विचार होऊ लागला आहे.

रोवणी यंत्राचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. या यंत्राला नेहमीचे पऱ्हे चालत नाहीत. ट्रेमध्ये किंवा प्लास्टिकवर मातीचा पातळ थर देऊन चटईसारखी रोपवाटिका करावी लागते. साधारण १५ ते २० दिवसांचे, एकसारख्या उंचीचे रोप लागते. बियाणे दाट झाले किंवा विरळ पडले तरी यंत्र मोकळ्या जागा सोडत जाते. म्हणजे यंत्राने चिखलातले काम काढून घेतले, पण रोपवाटिकेचे नवे, अधिक कौशल्याचे काम तयार केले. ते बचतगटातील महिलांना शिकवले, तर त्या रोपाच्या चटया विकू शकतात. ते शिकवले नाही, तर तेच काम यंत्र पुरवणारा कंत्राटदार स्वतःची माणसे आणून करतो. काम यंत्रामुळे संपते की दुसऱ्याच्या हातात जाते, हे बऱ्याचदा अशा छोट्या प्रशिक्षणावर ठरते.

सरकारच्या योजना काय सांगतात?

योजनांची कमतरता नाही. कौशल्य विकासाचे राष्ट्रीय अभियान १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाले. त्याखाली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना राबवली जाते. महाराष्ट्रात १९ ऑक्टोबर २०२३ रोजी ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये दरमहा विद्यावेतन ठरवले गेले. जुन्या आयटीआयचा कायापालट करण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात १ हजार सरकारी आयटीआय आहेत. २०० मुख्य संस्था आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था अशी रचना आहे. या खर्चात १० हजार कोटींचा वाटा उद्योगांकडून अपेक्षित आहे.

महिलांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ ही योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. १५ हजार बचतगटांना ड्रोन देण्याचे तिचे उद्दिष्ट होते. गटातील एका महिलेला १५ दिवसांचे प्रशिक्षण आणि गटातल्या दुसऱ्या सदस्याला किंवा कुटुंबातील एखाद्याला दुरुस्तीचे प्रशिक्षण, अशी तिची आखणी. यंत्रासोबत प्रशिक्षण आणि प्रशिक्षणासोबत दुरुस्ती, असा विचार एकाच योजनेत दिसतो. राईस मिलच्या बाबतीत नेमका तोच दिसत नाही.

मग अडचण कुठे आहे?

आर्थिक पाहणी अहवाल २०२३-२४ मधील एक आकडा बोलका आहे. २०२२-२३ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतले होते. आणखी १६.६ टक्के तरुण अनौपचारिक मार्गाने शिकले होते. म्हणजे जे काही शिकले त्यातले बहुसंख्य वडिलांकडून, उस्तादाकडून किंवा कामाच्या जागी पाहून शिकले. राईस मिलचा मिस्त्री असाच तयार होतो. आवाजावरून बेअरिंग ओळखणारा, तळहातावर दाणे घेऊन पॉलिश किती झाले ते सांगणारा हा माणूस कागदावर मात्र अकुशल असतो. प्रमाणपत्र नसल्याने दुसऱ्या मिलमध्ये गेला तर पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी लागते.

दुसरी अडचण अभ्यासक्रमाची आहे. आयटीआयमधून वीजतंत्री, जोडारी, वायरमन, वेल्डर बाहेर पडतात. मूलभूत कौशल्य म्हणून ते उपयोगीच आहे. पण कॅमेरा, हवेचा दाब आणि संगणकीय नियंत्रण एकत्र असलेले यंत्र तिथे हाताळायला मिळेलच असे नाही. सॉर्टेक्स बिघडले तर तंत्रज्ञाला बाहेरून बोलवावे लागते. हंगामात मिल बंद राहिली तर तेवढे दिवस हमालांची मजुरीही बंद होते.

तिसरी आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे काम ज्यांचे गेले ते या योजनांच्या चौकटीतच बसत नाहीत. आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी लागते. युवा प्रशिक्षणाला वयाची मर्यादा आहे. चाळिशी ओलांडलेली, शाळा अर्धवट सोडलेली, तांदूळ निवडणारी महिला यापैकी कुठेच नाही. सप्टेंबर २०२३ मधील पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत, पण धान्य निवडणाऱ्या किंवा सडणाऱ्या महिला नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात द्यायची आहे. पण हंगामी किंवा हजेरीपटावर नाव नसलेल्या मजुराची ‘कपात’ झाल्याची नोंदच होत नाही, मग निधी मिळणार कसा?

जिल्ह्याबाहेर आणि देशाबाहेर संधी आहे का?

आहे, पण तीही तयारी मागते. आमगावहून रेल्वेने एका बाजूला नागपूर, तर दुसऱ्या बाजूला राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर गाठता येते. गावाबाहेर कामाला जाणे इथे नवे नाही. प्रमाणपत्र नसलेला तरुण तिथे हेल्पर म्हणून लागतो आणि कौशल्याची नोंद असलेला तंत्रज्ञ म्हणून. दोघांच्या पगारातला फरक तिथूनच सुरू होतो.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला १० हजार तरुणांचे उद्दिष्ट होते. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांचा त्यात समावेश होता. अशा नोकऱ्यांना दोन दारे ओलांडावी लागतात. एक जर्मन भाषेचे आणि दुसरे भारतीय प्रमाणपत्राला तिथे मान्यता मिळवण्याचे. तालुक्याच्या ठिकाणच्या तरुणाला ही दोन्ही दारे अवघड जातात, कारण भाषेचे वर्ग शहरांत एकवटलेले असतात.

जगाच्या दर्जाचे प्रशिक्षण गोंदिया जिल्ह्यात होऊच शकत नाही, असेही नाही. बिरसी विमानतळावर भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशभरातून विद्यार्थी तिथे येतात. विमान उडवायला शिकवणारी व्यवस्था इथे येऊ शकते, तर जिल्ह्याच्या मुख्य उद्योगातले यंत्र चालवायला शिकवणारी व्यवस्था इथे उभी राहणे अशक्य नाही.

काय करता येईल?

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत जगात ९.२ कोटी रोजगार जातील आणि १७ कोटी नवे येतील. आकडा वाचताना आशादायक वाटतो. पण ज्याचे जाते आणि ज्याला मिळते ती माणसे एकच नसतात, आणि गावही एकच नसते. म्हणून उपाय तालुक्यापासून सुरू करावे लागतात.

पहिला उपाय, जे येते त्याची नोंद. कामातून शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ ही सोय कौशल्य योजनेत आहे. धान्य गिरणी चालकाचा अभ्यासक्रमही राष्ट्रीय पातळीवर उपलब्ध आहे. मिलमधल्या मिस्त्रींसाठी बंद हंगामात अशी शिबिरे मिलच्या आवारातच घेता येतील.

दुसरा, शिकाऊ उमेदवारी. शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे सक्तीचे आहे. चार ते २९ कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. यंत्रे आल्यावर अनेक मिल या दुसऱ्या गटात मोडू शकतात. राष्ट्रीय योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा कमाल १,५०० रुपये, केंद्र देते. एकट्या मिलला उमेदवार सांभाळणे जड जात असेल तर परिसरातल्या मिलनी आयटीआयसोबत मिळून तो वाटून घ्यावा. अभ्यास संस्थेत आणि हात यंत्रावर, अशी दुहेरी प्रशिक्षण पद्धत आयटीआयमध्ये २०१६ पासून आहेच. ती धानाच्या हंगामाशी जोडावी लागेल.

तिसरा, महिलांसाठी पगारी प्रशिक्षण. रोजंदारीवर जगणारी बाई आठवडाभर मजुरी बुडवून वर्गात बसू शकत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये दिले जातात. तोच न्याय मिलमधून बाहेर पडलेल्या महिलांना लावला, तर नमुना तपासणी, ओलावा मोजणे, सॉर्टेक्सची मांडणी, चटई रोपवाटिका ही कामे त्या शिकू शकतात. चांगला दाणा कोणता हे त्यांना शिकवावे लागणार नाही. पडद्यावरचे बटण कोणते, एवढेच दाखवावे लागेल. त्यासाठी शिकवण्याची भाषा मराठी, हिंदी आणि गरजेप्रमाणे स्थानिक बोली असावी.

चौथा, अनुदानाला अट. प्रक्रिया उद्योगांच्या आधुनिकीकरणासाठी सरकार अर्थसाहाय्य देते. यंत्रासाठी पैसे देताना आधीच्या मजुरांपैकी किती जणांना ते चालवायला शिकवले, हा एक रकाना अर्जात घातला तरी चित्र बदलेल. १९५८ च्या कायद्याने मिलमुळे किती जण बेकार होतील, एवढेच विचारले होते. आजच्या अर्जाने किती जणांना नवे काम शिकवले, हे विचारायला हवे.